दर्यावर गेलेला पूर्वज कागदात हरवतो तेव्हा: हॉलंडच्या जुन्या नोंदींमध्ये झाड अडलं तर काय करायचं

माझं सासर डच, आणि सासूबाईंच्या माहेरचं फॅमिली ट्री लावायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे इकडे लग्न होऊन आलेल्या किंवा इकडेच वाढलेल्या आपल्या बऱ्याच मंडळींनी मला हाच प्रश्न विचारलाय, की दर्यावर गेलेल्या पूर्वजापाशी झाड अडलं तर पुढे काय करायचं. १८११ पर्यंत मागे सगळं सरळ जातं, कारण तेव्हापासून सरकारी जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी आहेत. त्याच्या मागे चर्चची पुस्तकं, बाप्तिस्मा, लग्न, दफन, तिथेही दोन-तीन पिढ्या निघतात. आणि मग एक माणूस येतो ज्याच्यापुढे लिहिलेलं असतं फारन्सखेझेल, म्हणजे खलाशी, आणि तिथे झाड थांबतं. आम्स्टरडॅममध्ये एक लग्न, दोन-तीन मुलांचे बाप्तिस्मे, पुढे काही नाही. त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा सापडत नाही, दफन सापडत नाही, आणि त्याच नावाची दहा माणसं सर्चमध्ये समोर उभी राहतात. मग कंटाळून त्यातला वयाने बरा वाटतो तो उचलून जोडला जातो, आणि इथूनच पुढची सगळी फांदी चुकते. कृपा करून हे करू नका. आधी का सापडत नाही ते बघा, कारणं बहुतेक वेळा ठरलेली असतात.

सगळ्यात पहिलं कारण नाव. आपण आडनाव टाकून शोधतो, आणि त्या माणसाला आडनाव नसतंच, किंवा असलं तरी जहाजावर नाव घालताना ते कोणी लिहिलेलं नसतं. तिथे चालायचं बापाचं नाव. यान पीटर्सझोन म्हणजे पीटरचा मुलगा यान, त्याचा मुलगा क्लास असेल तर तो क्लास यान्सझोन, म्हणजे दर पिढीला मागचा शब्द बदलणार. आपल्याला हे समजायला खरं तर सोपं जायला हवं, आपलं मधलं नाव तेच तर आहे, फक्त आडनाव काढून टाका आणि उरलेल्यावर माणूस शोधा. मुलींचंही तसंच, बापाच्या नावापुढे डोख्टर, आणि कागदावर झोनचं नुसतं एसझेड आणि डोख्टरचं डीआर उरतं, पुढे एक टिंब. हे टिंब बऱ्याच इंडेक्समध्ये गाळलंय, त्यामुळे पूर्ण शब्द टाकून शोधलं तर काही येत नाही, नावाचा सुरुवातीचा भाग आणि पुढे वाइल्डकार्डचं चिन्ह असं शोधा. मिखील दे राउटर हे डच आरमाराचं सगळ्यात मोठं नाव, १६०७ साली फ्लिसिंगेनला जन्मला, पण जन्माच्या वेळी तो नुसता मिखील आड्रियानझोन होता, वडील आड्रियान मिखीलझोन, आणि दे राउटर हे त्याने मोठेपणी लावलेलं नाव. एवढ्या मोठ्या माणसाचं असं, तर आपला साधा खलाशी कुठे आडनावाने सापडणार.

इथे एक गैरसमज फार पसरलाय की १८११ च्या आधी कोणालाच आडनाव नव्हतं आणि नेपोलियनने सगळ्यांना दिलं. १८ ऑगस्ट १८११ चा हुकूम खरा आहे, पण हॉलंडच्या शहरांमध्ये बऱ्याच घराण्यांना आडनावं कितीतरी आधीपासून होती, त्या हुकमाने खरा फरक पडला तो फ्रीसलँडसारख्या उत्तरेकडच्या भागात. आणि माणूस डच नसून जर्मनीच्या किंवा डेन्मार्कच्या बाजूचा असेल तर तारीखच वेगळी, श्लेसविगमध्ये कायम आडनाव लावायचा हुकूम १७७१ चा, डेन्मार्कमध्ये १८२८ चा. आम्रुम बेटावरचा हार्क ओलुफ्स, १७०८ साली जन्मलेला, १७२४ मध्ये अल्जियर्सच्या चाच्यांनी पकडून गुलाम म्हणून विकला, अल्जीरियातल्या कॉन्स्टँटिनच्या बेकडे, म्हणजे तिथल्या सुभेदाराकडे, मोठ्या हुद्द्याला चढला आणि १७३६ ला घरी परत आला, त्याच्या वडिलांचं नाव ओलुफ येन्सेन. बापलेकाच्या नावात मागचा शब्द एक नाहीच, हे माहीत नसेल तर ही दोन माणसं तुम्ही एका घरात कधीच ठेवणार नाही.

दुसरं म्हणजे आम्स्टरडॅमचे कारकून बाहेरच्यांची नावं डच करून लिहायचे. नॉर्वे-डेन्मार्कचा येन्स इथे यान होतो, पेडर पीटर होतो, आंडर्स आंड्रिस होतो. आम्रुमच्या शेजारच्या फ्योर बेटावरचे लोक तर डच व्हेलिंगच्या जहाजांवर जाऊन जाऊन स्वतःच डच नावं लावायचे, तीच नावं त्यांच्या थडग्याच्या दगडांवर पण दिसतात. त्यामुळे गावाकडे त्याला यान म्हणून शोधाल तर तो नाहीच, येन्स म्हणून शोधा.

आता एकाच नावाची दहा माणसं का, तर मुलांची नावं ठेवायची रीत. पहिला मुलगा बापाच्या बापाचं नाव घेतो, दुसरा आईच्या बापाचं, मुलींचं तसंच आज्यांवरून, म्हणजे आजोबा यान असतील तर चार भावांच्या घरात चार यान आणि त्यातले दोन खलाशी. रीत नेहमी पाळलीच जायची असं नाही, पण मुलांची नावं ओळीने लिहून काढली की आजी-आजोबांच्या नावाचा अंदाज येतो, आणि मूल लहानपणी गेलं तर तेच नाव पुढच्याला द्यायचे, म्हणून एका घरात दोन कॉर्नेलिस दिसले तर घाबरू नका, पहिल्याचं दफन शोधा.

मग करायचं काय. इतकी वर्षं यात घालवल्यावर माझं पक्कं मत झालंय की खलाशाच्या मागे लागायचंच नाही, तो समुद्रावर आहे, तो चर्चमध्ये नाही, नोटरीकडे नाही, घरी नाही. त्याच्या पगाराच्या मागे लागायचं. त्याला कोण पैसे देत होतं, त्याच्या नावावर किनाऱ्यावर कोण पैसे उचलत होतं, आणि तो मेल्यावर बाकी कोणाला गेली, हे जिथे लिहिलंय तिथे त्याचं घर सापडतं, कारण पैशाच्या बाबतीत डच कारकून ढिले नव्हते.

डच ईस्ट इंडिया कंपनी, व्हीओसी, १६०२ ते १७९९. तिच्या जहाजांवरून या दोन शतकांत जवळजवळ दहा लाख माणसं आशियाकडे निघाली आणि अठराव्या शतकात त्यातली निम्म्याच्या आसपास परदेशी होती, जर्मन जास्त, मग स्कँडिनेव्हियन. प्रत्येक जहाजाचं पगाराचं पुस्तक असायचं, त्यात प्रत्येक माणसाचं एक खातं, डाव्या पानावर नावे, उजव्या पानावर जमा, अगदी आपल्या दुकानातल्या खातेवहीसारखं. ही पुस्तकं हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, बहुतेक १७०० नंतरची, आणि त्यावरून केलेला ऑनलाइन डेटाबेस फुकट बघता येतो, साडेसहा लाखांच्या आसपास नोंदी आहेत त्यात. पण लक्षात घ्या, नोंद म्हणजे माणूस नव्हे, नोंद म्हणजे एक प्रवास. जो चारदा गेला त्याच्या चार नोंदी, प्रत्येकात स्पेलिंग वेगळं. त्या जोडायच्या कशा तर हुद्द्यावरून आणि गावावरून. पोऱ्या म्हणून जातो, मग होपलोपर म्हणजे शिकाऊ खलाशी, मग मात्रोस म्हणजे पक्का खलाशी, मग बॉसखीटर म्हणजे तोफेवरचा माणूस किंवा क्वार्टरमास्टर, नशीब असेल तर स्ट्यूरमन म्हणजे जहाजाची दिशा सांभाळणारा अधिकारी. आज पोऱ्या असलेला दोन वर्षांत स्ट्यूरमन होत नाही, तसं दिसलं तर ती दोन माणसं आहेत. तारखाही तपासा, एक अजून आशियात असताना दुसरा टेक्सलहून निघतोय असं निघालं की प्रश्न मिटला.

डेटाबेसमध्ये थांबू नका, स्कॅन उघडा. हे मी प्रत्येकाला सांगते आणि निम्मे लोक उघडत नाहीत. डेटाबेसमध्ये नुसतं हो-नाही असतं की त्याने मांडब्रीफ केलं होतं का. मांडब्रीफ म्हणजे माझ्या पगारातून वर्षाला तीन महिन्यांपर्यंतचे पैसे माझ्या बायकोला, आईवडलांना किंवा मुलांना द्या असा कागद. मात्रोसाचा पगार महिन्याला साधारण ९ ते ११ गिल्डर, म्हणजे घरच्यांसाठी ते पैसे मोठे होते. आणि ते कोणाला दिले त्याचं नाव स्कॅनमध्ये डाव्या बाजूला लिहिलेलं असतं. बायकोचं नाव बापाच्या नावासकट मिळालं की ती कोणाची मुलगी ते कळतं आणि तिच्या बाजूने तुम्ही मागे जाऊ शकता, आईचं नाव मिळालं तर मग विचारायलाच नको.

पण त्याच पानावर दुसरा एक कागद असतो, स्खुल्डब्रीफ, कर्जाचा. खलाशी किंवा सैनिक जहाज निघेपर्यंत आम्स्टरडॅममध्ये कोणाच्या तरी खानावळीत राहायचा, खायचा, कपडे-पेटी उधार घ्यायचा, आणि ते कर्ज त्याच्या पुढच्या पगारातून फेडायचं असं लिहून द्यायचा. हा लॉजवाला म्हणजे स्लापबास. मी सुरुवातीला असंच एक नाव वाचलं आणि तो काका असेल असं धरून तीन महिने त्या काकांचं घराणं लावत बसले, सासूबाईंना पण सांगून टाकलं. तेच नाव नंतर वेगवेगळ्या जहाजांवरच्या कितीतरी अनोळखी माणसांच्या खात्यात दिसलं तेव्हा कळलं की तो लॉजवाला आहे आणि आमच्याशी त्याचं कसलंच नातं नाही. सासूबाईंना परत जाऊन सांगावं लागलं, फार वाईट वाटलं मला तेव्हा. म्हणून मांडब्रीफचं नाव नातेवाईकाचं धरा, स्खुल्डब्रीफचं नाव नातेवाईकाचं धरू नका, निदान दुसरा पुरावा मिळेपर्यंत तरी.

गाव कुठलं लिहिलंय त्यावर पण डोळे झाकून विश्वास नको. कोणी हॅम्बुर्गहून आलो म्हणून हॅम्बुर्ग सांगतो आणि घर असतं तीन दिवसांच्या वाटेवरच्या खेड्यात. आम्स्टरडॅमचं ओंडरट्राउ रजिस्टर इथे उपयोगी पडतं, म्हणजे लग्नाआधीची नोंद, १५६५ ते १८११, शहराच्या अभिलेखागाराच्या साइटवर स्कॅन आहेत. त्यात वय, गाव, धंदा, कुठल्या गल्लीत राहतो, आईवडील आहेत का, सोबत कोण आलंय, आणि खाली सही. वय अंदाजे असतं, दोन-तीन वर्षं इकडे-तिकडे धरा. सही येत नसेल तर खूण. खुणा नीट बघा, नांगरासारखी, काट्यासारखी अशी एखाद्याची ठरलेली खूण असते आणि दोन कागदांवरची खूण जुळली तर नावापेक्षा तो पुरावा मोठा. हे रजिस्टर दोन ठिकाणी आहे हे पण लोक विसरतात, डच रिफॉर्म्ड चर्चवाल्यांची नोंद चर्चकडे, आणि लुथरन, कॅथलिक, मेनोनाइट, ज्यू अशा बाकीच्यांची नगरपालिकेच्या पुई नावाच्या रजिस्टरात. उत्तर जर्मनीचा नाहीतर डेन्मार्क-नॉर्वेचा खलाशी बहुतेक लुथरन, म्हणजे पुई बघायलाच हवं.

आणि बाप्तिस्मा काही केल्या मिळत नसेल तर धर्म तपासा. मेनोनाइट हा एक ख्रिस्ती पंथ, डच शब्द डोप्सखेझिंड, ते लोक लहान मुलाला बाप्तिस्मा देतच नाहीत, मोठेपणी स्वतःच्या मर्जीने घ्यायचा. फ्रीसलँड, झानस्ट्रेक, होर्नच्या बाजूला जहाजाचे कप्तान आणि व्यापारी यांच्यात हे लोक बरेच होते. तुम्ही पाळण्यातल्या बाळाची नोंद शोधताय आणि तो माणूस वीस-बावीस वर्षांचा होऊन बाप्तिस्मा घेतोय, तो पण एखाद वेळी दुसऱ्याच गावात. झीलँडवाल्यांची अडचण वेगळी आणि जास्त वाईट, मिडलबर्गची शहराची कागदपत्रं १९४० च्या मे महिन्यातल्या आगीत जळाली. तिथे व्हीओसीच्या झीलँड शाखेची पगाराची पुस्तकं हाच मोठा आधार, कारण ती तिथे नव्हती म्हणून वाचली.

पूर्वज आशियाकडे न जाता बाल्टिकमध्ये जात असेल तर साउंड टोलची पुस्तकं. डेन्मार्कच्या हेल्सिंगॉरला सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांकडून टोल घ्यायचे, १४९७ ते १८५७, सुरुवातीची काही वर्षं गहाळ आहेत, एकूण १८ लाखांच्या घरात फेऱ्या. कप्तानाचं नाव, त्याचं गाव, कुठून आला, काय माल. ऑनलाइन आहे, खरोनिंगन विद्यापीठ आणि लेउवार्डेनच्या ट्रेसोर संस्थेने मिळून केलंय, अतिशय सुंदर काम. फक्त कप्तानाचं नाव मिळतं, साध्या खलाशाचं नाही, आणि टोलवाल्यांनी नावं स्वतःच्या डॅनिश कानाने लिहिलीत, म्हणून गाव आणि वर्ष धरून शोधा, नाव शेवटी.

तारखांचा घोळ इथे होतो आणि तो फार जणांना फसवतो. हॉलंडने नवीन, म्हणजे ग्रेगोरियन, कॅलेंडर १५८३ लाच घेतलं, डेन्मार्कने १७०० मध्ये, १८ फेब्रुवारीनंतर एकदम १ मार्च. फ्रीसलँडने १७०१ च्या सुरुवातीला. म्हणजे पूर्ण सतराव्या शतकात आम्स्टरडॅमची तारीख आणि हेल्सिंगॉरची तारीख यात १० दिवसांचा फरक. समजा टोलच्या पुस्तकात कप्तान ३ जूनला आहे आणि आम्स्टरडॅमच्या नोटरीकडे ६ जूनला सही करतोय, तर वाटतं तीन दिवसांत आला कसा, म्हणजे हा दुसरा माणूस. पण डॅनिश ३ जून म्हणजे डच १३ जून, म्हणजे त्याने आधी सही केली आणि सात दिवसांनी सामुद्रधुनीत पोचला, एकदम बरोबर. इंग्लंडचा कागद असेल तर १७५२ पर्यंत जुनं कॅलेंडर आणि वर्ष २५ मार्चला बदलतं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीची तारीख असली की वर्षच एकाने मागे धरलेलं असतं.

शब्दांचे तीन सापळे सांगून ठेवते. स्ट्रातला गेला असं लिहिलं असेल तर गल्लीत नाही, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून भूमध्य समुद्रात गेला. आणि कप्तानाच्या कागदात पूर्वेकडे म्हणजे बहुतेक बाल्टिक, आशिया नव्हे. मुलाच्या बाप्तिस्म्यात बापापुढे आउटलंडिख असेल तर तो देशाबाहेर आहे, मेलेला नाही. वाचायलाही हे सगळं कठीण आहे, हाताचं वळण मोडीसारखंच, पेन न उचलता लिहिलेलं. ट्रान्सक्रिबस हे जुनं हस्ताक्षर वाचणारं सॉफ्टवेअर मदत करतं, पण नावांच्या बाबतीत त्याचं वाचन स्वतः पडताळा. एका कारकुनाची दहा पानं आधी वाचा, त्याचा ई आणि ओ ओळखीचा झाला की मग आपलं पान घ्या.

व्यापाऱ्याचं त्या मानाने सोपं, कारण तो किनाऱ्यावर असतो आणि नोटरीकडे सारखा जातो. आम्स्टरडॅमच्या नोटरींचे कागद साडेतीन किलोमीटर लांबीचे आहेत, २०१७ मध्ये युनेस्कोच्या मेमरी ऑफ द वर्ल्डमध्ये गेले, आणि त्यांचं इंडेक्सिंग चालूच आहे म्हणून आज नाही सापडलं तर सहा महिन्यांनी परत शोधा. माझ्या अनुभवात सगळ्यात कामाचे जहाजाच्या हिश्श्यांचे कागद. एक जहाज एकाचं नसायचं, सोळावा, बत्तिसावा, चौसष्टावा असे हिस्से करून विकत घ्यायचे, आणि मेल्यावर हिस्सा मुलाला किंवा जावयाला जायचा. मुलगी लग्नानंतर कागदातून गायब होते तिथे हा बत्तिसावा हिस्सा धरून जा, जावई सापडतो आणि त्याच्या मागे मुलगी. लहान मुलं मागे ठेवून बाप गेला असेल तर वेसकामर, म्हणजे पोरक्या मुलांच्या मालमत्तेची कचेरी, तिथे मामा-काका पालक म्हणून नावानिशी असतात. जहाज इंग्रजांनी पकडलं असेल तर लंडनमध्ये क्यूला प्राइझ पेपर्स, म्हणजे पकडलेल्या जहाजांचे कागद, आहेत, त्यात पकडलेल्या कप्तानाची जबानी, पहिल्याच प्रश्नात जन्म कुठे आणि राहतो कुठे. पकडल्या गेलेल्या टपालातली कधीच न पोचलेली पत्रं पण तिथे आहेत, खलाशांच्या बायकांनी लिहिलेली, वाचताना गळा दाटून येतो.

घरातली बायबल असेल आणि पहिल्या कोऱ्या पानावर जन्म लिहिलेले असतील तर छापल्याचं वर्ष बघा. पुस्तक छापायच्या आधीचे जन्म त्यात असतील, किंवा सगळ्या नोंदी एकाच शाईत एकाच हाताच्या असतील, तर ते नंतर कोणीतरी आठवणीतून उतरवलंय, तारखा पडताळल्याशिवाय घेऊ नका. आमच्या बायबलमध्ये तेच निघालं. छापील वंशावळींचंही असंच, मागे नेऊन एखाद्या सरदाराला जोडलेलं असेल तर पुरावा कुठला दिलाय ते आधी बघा.

आपल्यासाठी एक, कागदात विंगुर्ला दिसलं तर ते आपलं वेंगुर्लं. डचांनी तिथे १६३७ मध्ये वखार काढली, पडक्या भिंती अजून आहेत. गोष्ट एवढीच की पगाराची पुस्तकं नंतरची असल्यामुळे सतराव्या शतकातला तिथला साधा खलाशी डेटाबेसमध्ये मिळायची आशा कमी, तिथे कंपनीचा पत्रव्यवहार वाचावा लागतो.

आमचा माणूस शेवटी असा सापडला. लग्न पुईत होतं, मी दोन वर्षं चर्चच्या रजिस्टरात शोधत होते. सहीच्या जागी खूण. पगाराच्या पुस्तकात तीन प्रवास, होपलोपर, मात्रोस, परत मात्रोस, गाव दर वेळी वेगळ्या स्पेलिंगने पण फ्योरच. तिसऱ्यात, जाताना केप ऑफ गुड होपच्या आधीच, मृत्यू. म्हणून दफन नव्हतं कुठे. उजव्या पानावर पगार त्या दिवसापर्यंत मोजून थांबवलाय, खाली बाकी काढलीय, आणि ती बायकोला दिल्याची नोंद, तिचं नाव तिच्या बापाच्या नावासकट. जहाज निघाल्यानंतर दोन वर्षांहून जास्त उलटल्यावरची तारीख आहे त्यावर. सासूबाईंनी ते पान प्रिंट करून घेतलं आणि बायबलमध्ये ठेवलंय, आणि मी आता तिच्या बापाच्या मागे आहे, तो होर्नचा सुतार होता, जहाजाचा.